कोणते इंगळे?

भगवानभाऊ इंगळे यांनी आयुष्यात एकही देव पुरा केला नाही.

केले मात्र पुष्कळ. अकोल्यात त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिच्यात कायम सात-आठ देव उभे असत. काही नाटकांचे, काही मिरवणुकीतल्या देखाव्यांचे, आणि आमच्या भागात शूटिंगं व्हायला लागली तसे सिनेमाचे. सगळे सुबक, आणि प्रत्येकात एक खोट. कुणाला करंगळी नाही, कुणाच्या कानाला पाळी नाही, एका गरुडाच्या पंखाला एकीकडे चार पिसं कमी. ही खोट पटकन दिसायची नाही. एकदा दाखवल्यावर मात्र दुसरं काही दिसायचं नाही.

"हे काहून?" मी पहिल्या भेटीत विचारलं होतं.

"सर, देव पुरा झाला का लोक पाया पडतात. अन् पाया पडले का मंग तो तोडता येत नाही. आपल्याले तर शूटिंग झाल्यावर तोडून गोडाऊनमंदी टाकाचा असते. अर्धवट असला का कोनाले पाप नाही."

मग त्यांनी एका गणपतीच्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केली. फायबरचा पोकळ आवाज आला.

"ऐका. आत कोनी नाही."

हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. माल देताना दुकानदार बल्ब लावून दाखवतो, तसं.

ठेंगणे, काटक, साठीला आलेले. चष्मा नेहमी कपाळावर, आणि शोधाशोध नेहमी खिशात. ब्रश वापरून झाला की लगेच धुणार. समोर आमदार उभा असला तरी आधी ब्रश. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती. तिचा डावा इंडिकेटर एकदा लावला की ते बंद करायला विसरत. अख्खा रस्ता माणूस डावीकडे वळणार असं वाटत राही. मी एकदा बोललो तर म्हणाले, "राहू द्या ना. आपन कुठी वळनार हे मागच्याले कशाले कळलं पाह्यजे?"

त्यांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरात बुद्धाची एक तसबीर, दुसरं काही नाही. तरी पोटासाठी ते कोवळ्या वयात गणपतीच्या कारखान्यात लागले. तिथले उस्ताद भले होते. साचा, भरणी, रंग, दागिने, सगळं त्यांनी शिकवलं. डोळे मात्र उस्ताद स्वतः काढत, मांडी घालून, अंघोळ करून. इतर पोरांना दोन-तीन वर्षांनी डोळे मिळाले, भगवानला बारा वर्षांत मिळाले नाहीत. का, ते त्यांनी विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न ते विचारत नसत. स्वतःची शेड टाकल्यावर ते डोळे काढू लागले, उत्तम काढू लागले, आणि दुसरीकडे कुठेतरी एक बोट कमी ठेवू लागले.

माणसं मात्र ते पुरी करत. एका पुढाऱ्याला आपल्या हयातीतच आपला पुतळा हवा होता. नम्र गृहस्थ होते, फक्त अर्धाच मागितला. भगवानभाऊंनी मिशीच्या पांढऱ्या केसासकट करून दिला. मी विचारलं, "यात खोट कुठी आहे?"

"हे काय देव थोडीच हायेत? खोट अंगचीच हाय. मी कशाले टाकू?"

आमच्या वऱ्हाडात इंगळे आडनावाची पुष्कळ माणसं आहेत. कुणब्यांत इंगळे आहेत, बौद्धांत आहेत. त्यामुळे नुसतं आडनाव सांगून भागत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, कोणते इंगळे? प्रश्न भूगोलाचा वाटतो, आणि नसतो. भगवानभाऊ त्याचं उत्तर भूगोलातच देत.

"तेल्हाऱ्याचे."

विचारणारा दोन क्षण थांबे. सुसंस्कृत असला तर तिथेच सोडून देई.

आमचा खरा सहवास एका सिनेमामुळे झाला. मी अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो होतो. सिनेमावाल्यांना वऱ्हाडी बोलीचा सल्लागार हवा होता आणि मला कुणीतरी सल्ला विचारावा अशी इच्छा होती. मुंबईच्या नायकाची समजूत अशी की वाक्यात कुठेही 'ले' टाकलं की वऱ्हाडी होते. भाजीत मीठ टाकावं तसा तो टाकत असे. माझं काम ते खारट झालेलं वाक्य धुऊन काढण्याचं.

शूटिंग कौंडण्यपूरच्या अलीकडे, वर्धा नदीकाठच्या एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही. गोष्ट एका देवीच्या जत्रेची. शेवटी पूर येतो आणि मूर्ती घाटाच्या पायऱ्यांवरून कोसळून फुटते. त्यामुळे देवी भगवानभाऊंनी करायची हे ओघानेच आलं. चार हात, शांत चेहरा, आणि डाव्या पायाला चार बोटं. वरून नऊवारी नेसवली की बोटं झाकली जाणार होती.

दिग्दर्शक पुण्याचा, तिशीतला, हुशार मुलगा. त्याला सगळं खरं हवं होतं. नायिका देवीच्या पायावर डोकं ठेवते, त्या शॉटला त्याने निऱ्या वर करायला सांगितल्या.

"पाय नका दाखवू," भगवानभाऊ म्हणाले.

"का?"

"हे दाखवाचे पाय नाहीत, भाऊ."

दिग्दर्शकाला ही स्थानिक श्रद्धा वाटली. त्याने ती वहीत टिपून घेतली आणि निऱ्या वर केल्या. कुणीतरी फोटो काढला, प्रसिद्धीसाठी पाठवला. सिनेमाला प्रसिद्धी मिळेल अशी सगळ्यांना आशा होती. मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या मोबाइलवर तो फोटो आला. पायाभोवती लाल वर्तुळ, आणि वर हिंदीत लिहिलेलं, भगवान का अपमान नहीं सहेंगे. मी तो भगवानभाऊंना दाखवला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, दोनदा वाचलं.

"माह्या अपमानाचं लोकांले एवढं वाईट वाटते, मले माहीतच नव्हतं."

मी हसलो. ते हसले नव्हते. मग माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. हातात रंगाचा ब्रश होता, तसाच. रंग वाळून कडक झाला होता आणि त्यांनी तो धुतला नव्हता. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली.

चारच्या सुमाराला आधी आवाज आला. मोटारसायकली. माणसं पन्नास असतील, साठ असतील. मोजायचं धैर्य झालं नाही. नायिकेला गाडीत बसवून काचा वर केल्या. जनरेटर बंद झाला आणि इतके दिवस जी शांतता हवी म्हणून सगळे ओरडत होते ती एकदम मिळाली.

पुढे बबलूभाऊ होते. तालुक्यातल्या प्रत्येक चौकात त्यांचा फलक असे. नावाआधी 'भावी' लिहिलेलं असे आणि पुढे काहीच नसे. भावी काय, ते मतदारांनी ठरवायचं. निवडणूक जवळ होती. ते माझे विद्यार्थी, म्हणजे माझ्या वर्गात त्यांचं नाव होतं.

पण मला घाबरवलं ते त्यांनी नाही. जत्रेच्या दृश्यासाठी गावातली माणसं रोजंदारीवर घेतली होती. सकाळी दिग्दर्शक त्यांना सिनेमातल्या पुजाऱ्यावर चिडायला शिकवत होता आणि त्यांना ते काही केल्या जमत नव्हतं. हसू येत होतं. आता त्यातली निम्मी माणसं सिनेमाचेच फेटे घालून त्या जमावात जाऊन उभी होती. आणि आता उत्तम चिडली होती. एकाच्या हातात जनरेटरचा डिझेलचा डबा होता. सकाळी त्याच डब्यावर बसून त्याने माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या.

"कोनं बनवलं हे?" बबलूभाऊंनी विचारलं. दोन पोरं मोबाइलवर चित्रण करत होती, त्यामुळे ते प्रश्न मोबाइलकडे बघून विचारत होते.

आमचा प्रॉडक्शन मॅनेजर सावंत नावाचा गृहस्थ होता. त्याने कंपनीचं नाव घेतलं नाही, दिग्दर्शकाचं घेतलं नाही. हात लांब करून म्हणाला, "ते लोकल आहेत. तुमचेच आहेत."

भगवानभाऊ देवीच्या मागून पुढे आले. त्यांना पळता आलं असतं. मागे नदीला पाणी कमी होतं.

"नाव?"

"भगवान."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"पुरं नाव सांग."

"भगवान संपत इंगळे."

"कोनते इंगळे?"

मी हा प्रश्न हजारदा ऐकला आहे. लग्नात, एसटीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा पिताना. त्याच्या पोटात काय असतं ते त्या दिवशी दिसलं. साठ माणसं उत्तरासाठी थांबली होती. एका उत्तराने तो चुकलेला कारागीर ठरणार होता, दुसऱ्या उत्तराने त्याने ते मुद्दाम केलेलं ठरणार होतं. पायाची बोटं तीच, चारच.

"तेल्हाऱ्याचे."

"ते नाही इचारलं मी."

डिझेलचा डबा या हातातून त्या हातात गेला. मला तो हिंदकळल्याचा आवाज ऐकू आला. भगवानभाऊंनी खाली पाहिलं, देवीच्या पायाकडे. मग सूर्याकडे पाहिलं.

"बोट बसवून देऊ का?" ते म्हणाले. "अर्धा घंटा लागते. उजेड हाय तवरक बसवून देतो."

जमाव गोंधळला. आपल्याला नेमकं काय हवंय हे कुणीच ठरवून आलं नव्हतं. शिक्षा हवी होती, पण शिक्षेला किती वेळ लागतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. इथे एक माणूस अर्धा तास म्हणत होता. बबलूभाऊंनी मोबाइलवाल्या पोरांकडे पाहिलं. पोरांनी मान हलवली. दृश्य चांगलं होतं.

"माफी माग, अन् आमच्यासमोर बसव."

"मागतो ना."

त्यांनी ती मागितली. कशाबद्दल, ते स्पष्ट केलं नाही. मग ते मांडी घालून बसले. पुट्टी मळायला घेतली. मळताना दिसत नव्हतं, पण बोटाला आकार द्यायची वेळ आली तेव्हा हात थरथरताना साठ माणसांनी पाहिला. त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. डिझेलचा डबा जमिनीवर ठेवला गेला, आणि तो धरणारा फेटेवाला त्यावर बसूनच बघू लागला.

तेवढ्यात बबलूभाऊ माझ्याजवळ आले. वाकून म्हणाले, "सर, तुमी इथं? तुमाले तर माहीत असंल. कोनते इंगळे हाये हे?"

मी म्हणालो, "मला खरोखरच कल्पना नाही."

शब्दशः हेच म्हणालो. बोलीचा सल्लागार म्हणून नेमलेला मी, जन्मापासून जे बोलत आलो ते त्या घटकेला तोंडातून निघालं नाही. पुण्याच्या रेडिओसारखं शुद्ध मराठी निघालं. खोटं बोलायला तेच सोयीचं पडलं असावं. त्याचं मला समाधान नाही. मी खोटं बोललो ते त्यांना वाचवायला की स्वतः बाजूला राहायला, हे मी आजवर ठरवलेलं नाही.

बोट बसलं. रंग लागला. कुणीतरी नारळ फोडला. आरती झाली. बबलूभाऊंनी पायावर डोकं ठेवलं, आणि पोरांनी मोबाइल जवळ नेईपर्यंत ठेवूनच राहिले. फेटेवाले एकामागून एक वाकले. सगळ्यांचे हात जोडलेले असताना भगवानभाऊ आपले ओले, रंगाने माखलेले हात अंगापासून दूर धरून उभे होते. त्यांना ते जोडता आले नसते.

उजेड जायच्या आत मोटारसायकली गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शक म्हणाला, "दादा, गेलं ना सगळं? पोलीस येऊन बसलेत. आज मूर्ती फुटण्याचा शॉट उरकून निघून जाऊ."

"मी नाही फोडत."

"तुम्ही नका फोडू. आमची माणसं ढकलतील."

"त्याहीले नाही फोडू देत."

दिग्दर्शक चिडला. त्याचं चूक नव्हतं. त्याच्या सिनेमाचा शेवटच त्या फुटण्यात होता. "दादा, फायबर आहे. पोकळ आहे. तुम्हीच सगळ्यांना ठोकून दाखवता, आत कोणी नाही म्हणून."

भगवानभाऊंनी देवीच्या पोटाकडे हात नेला, ठोकलं मात्र नाही.

"कालपतुर नव्हतं," ते म्हणाले. "आता हाय. साठ मानसं पाया पडले, भाऊ. मी पुरी केली तिले."

उभ्या आयुष्यात ज्याने कधी देवाला हात जोडले नाहीत, तो माणूस सांगत होता की ही देवी आहे. आणि त्या सेटवर, पोलिसांसकट, ते मनापासून मानणारा तो एकटाच होता.

कंपनी शेवट न घेताच गेली. सिनेमा अजून आलेला नाही. देवी ट्रकमध्ये घालायची कुणाची छाती झाली नाही. तिच्यावर पत्र्याची शेड आली, मग लोखंडी गेट आलं, मग बबलूभाऊंच्या फोटोसह फलक आला, 'जागृत देवस्थान'. फलकावर ते अजूनही भावीच आहेत.

भगवानभाऊंना फोन यायला लागले. अनोळखी नंबर. शिवी नाही, धमकी नाही. फक्त एवढंच, "कोनते इंगळे?" आणि फोन बंद. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. पोलिसांत काय सांगणार? कुणीतरी आडनाव विचारलं म्हणून? त्यांनी अकोल्याची शेड बंद केली आणि अमरावतीला मुलीकडे राहायला आले. नंबर प्लेटा रंगवत, शाळांच्या पाट्या रंगवत. देव घेत नसत. मी भेटायला गेलो की भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलेले असत. चष्मा डोळ्यांवर असे.

एकदा असाच गेलो होतो. चहा झाला, मुलगी आत गेली, आणि ते हळू आवाजात म्हणाले, "सर, नख राह्यलं."

"काय?"

"त्या बोटाले नख नाही. मले वाटते, मी नख काढलं नाही."

"वाटते म्हणजे?"

"आठवत नाही. हात थरथरून राह्यला होता. भीतीनं राह्यलं, का सवयीनं मीच ठेवलं, का काढलं अन् मीच इसरलो, समजत नाही." त्यांनी स्वतःच्या अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताने दाबलं. "कोनी पाह्यलं त पुन्हा येतीन. आता घरी पोरगी हाय, नात हाय. तुमी पाहून येता का? तुमाले तिथं कोनी काही म्हननार नाही."

"नख असलेलं बरं, का नसलेलं?"

"असलं त मी वाचलो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नसलं त मी तिले पुरी नाही केली."

"मग तुम्हाले काय पाहिजे?"

"तेच त समजत नाही ना, सर."

आम्ही एका सकाळी गेलो. मी एसटीने, ते स्कूटरवर; सोबत दिसू नये असं त्यांचंच म्हणणं. मी उतरलो तेव्हा ते रस्त्यापलीकडे, बाभळीखाली, स्कूटरवर बसलेले होते. हेल्मेट डोक्यावर, काच खाली. नारळ-प्रसादाचं एक दुकान होतं, त्याच्यापासून वीसेक पावलांवर. त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

मी आत गेलो. देवीला चांदीचा मुकुट आला होता. नऊवारीच्या निऱ्या खूप वर खोवलेल्या, पाय नीट दिसावेत म्हणून. डाव्या पायाला तर वेगळं झेंडूचं फूल. आता गावात तेच सांगतात म्हणे, देवीचं बोट आपोआप उगवलं. मी खाली वाकलो. पायावर हळदीकुंकवाचा, तेलाचा, तांदळाचा बोटभर थर होता. नख, बोट, काही कळेना. मी अंगठ्याने तिथे चाचपलं.

"नुसतं पाहून काय राहिले बावा, डोकं टेका," मागच्या बाईने सांगितलं. मी डोकं टेकवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

बाहेर आलो. रस्त्यापलीकडे हेल्मेट माझ्याकडे वळलं. मी दोन्ही तळवे उताणे केले, काही कळत नाही म्हणून. ते तसेच बघत राहिले. मग दुकानवाल्याने मोठ्याने हाक मारली, "ओ भाऊ, हेल्मेटवाले! दर्शन नाही घेत? एवढ्या दूरून आले ना?"

त्यांनी मान हलवली आणि किक मारली. स्कूटर सुरू झाली नाही.

"कोन्या गावचे?"

"तेल्हाऱ्याचे." काचेआडून आवाज बारीक आला. दुसरी किक. नाही.

"आमचे पाहुने हायेत तेल्हाऱ्याले. आडनाव काय तुमचं?"

दुकानवाला साधा माणूस होता. पाहुण्यांचं गाव निघालं म्हणून विचारत होता. मला तरी तसं वाटलं. पण माझे पाय जागीच राहिले. भगवानभाऊंनी उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं. त्यांनी दिलं.

"इंगळे."

"कोनते इं—"

तिसरी किक लागली. पुढचं काही ऐकू आलं नाही. धुराचा एक लोट, आणि ते निघाले, मागे न बघता.

दुकानवाला माझ्याकडे वळला. "तुमच्या ओळखीचे व्हते का? कोनते इंगळे म्हनाचे हे?"

त्याने हातावर प्रसाद ठेवला होता. मी तो सगळा एकदम तोंडात टाकला. तोंड भरलेल्या माणसाकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही. चावता चावता मी रस्त्याकडे पाहत राहिलो. पुढे कोसभर तरी कुठे वळण नाही, दोन्हीकडे नुसती काळी शेतं. त्या सरळ रस्त्यावर स्कूटर लहान लहान होत गेली, आणि तिचा डावा दिवा सारखा लुकलुकत होता.